अक्रोडाचे दोन इंच

मिसेस बेरिलचं बोट ट्रिगरपर्यंत पोचेना.

रायफल खांद्याला, गाल दस्त्याला, आणि बोट हवेत वळवळतंय. साठीची, पाच फुटी बाई. मान लांब केली, खांदा पुढे सरकवला, चष्मा नाकावर घसरला. पोचेना म्हणजे पोचेना.

माझा बॉस केव्ह म्हणाला, "बॅझ, मापं तूच घेतलीस ना?"

बॅझ म्हणजे मी. वसईचा बस्त्याव. इथे पहिल्याच दिवशी माझा बॅझ झाला. मी त्याला 'सर' म्हटलं तेव्हा केव्हने मागे वळून पाहिलं होतं, कोण आलंय म्हणून.

मी म्हटलं, "हो." ते 'हो' खोटं होतं.

ही सत्तरच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. ठाण्याच्या कारखान्यात मी बारा वर्षं टूलरूममध्ये काढली होती. सिडनीत आलो तर जिथे तिथे एकच पालुपद, "लोकल एक्स्पिरियन्स आहे का?" अरे बाबांनो, नोकरी द्याल तर एक्स्पिरियन्स येईल ना! पाच महिने वणवण झाली. शेवटी पॅरामॅटाच्या मागच्या गल्लीतल्या या गनस्मिथने, म्हणजे बंदुका बनवणाऱ्या कारागिराने, माझे हात पाहिले आणि लेथवर उभं केलं. तीन महिने ट्रायल. मिसेस बेरिलची रायफल हे माझं ट्रायलमधलं शेवटचं काम.

काम साधंसुधं नव्हतं. बाईंचं दूर गावाकडे मेंढ्यांचं फार्म. नवरा आल्फ वर्षापूर्वी वारला. त्याने लग्नात लावलेलं अक्रोडाचं झाड वादळात पडलं. त्याचा एक ओंडका बाईंनी नीट वाळवला आणि गाडीत घालून आमच्याकडे आणला. "याचा दस्ता करा. क्लबच्या चॅम्पियनशिपला मी याच्यावर नेम धरणार. आणि सांभाळून, दुसरा तुकडा नाहीये."

अशी रायफल दुकानात टांगलेली मिळत नाही, ती माणसाच्या अंगाला बेतावी लागते. सगळ्यात महत्त्वाचं माप म्हणजे दस्त्याच्या मागच्या टोकापासून ट्रिगरपर्यंतचं अंतर. त्यासाठी हात कोपरात वाकवून आतल्या बाजूपासून बोटापर्यंत मोजतात. मग खांदा, मान, गाल.

केव्ह म्हणाला होता, "जा, मोजून घे."

आता मी वसईच्या वाडीत वाढलेला माणूस. माझ्या मावशीच्या वयाच्या परक्या बाईच्या खांद्याला, गालाला हात लावायचा? आमच्याकडे ब्लाउजची मापंसुद्धा टेलर बायकोला घ्यायला लावायचा. मला दरदरून घाम फुटला. मी बाईंना हळूच म्हटलं, "फिटिंगचं काम माझ्या घरी असतं. हॅरिस पार्कला."

बाई बिचाऱ्या आल्या. माझी बायको फिलू घरी फ्रॉक शिवायची. तिने टेपने बाईंची सगळी मापं घेतली, चहा पाजला, वर बोंबलाच्या लोणच्याची बाटलीही दिली. मी ते आकडे जॉब कार्डवर उतरवले आणि खाली माझी सही ठोकली.

नंतर सहा आठवडे मी पोलादाशी खेळलो. आमच्या धंद्यात थाऊ चालतो. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, डोक्यावरच्या केसाहूनही बारीक. नळी मी एका थाऊपेक्षाही कमी फरकाने बसवली. केव्हने डायल तपासली, शीळ घातली आणि म्हणाला, "नॉट बॅड, मेट." त्याच्या तोंडून हे म्हणजे छातीवर पदक. दस्ता घासला, दहा दिवस तळहाताने जवसाचं तेल जिरवलं. अक्रोड असा उजळला की मला आल्फची आठवण यायला लागली, आणि मी त्याला कधी पाहिलंही नव्हतं.

केव्हने शेवटी रायफल स्वतःच्या खांद्याला लावून पाहिली. "ब्यूटी! चपखल बसते." केव्ह सहा फूट चार इंच आहे हे आम्हा दोघांनाही तेव्हा सुचलं नाही. मीही लावून पाहिली होती. मला लांब वाटली. मी मनात म्हटलं, आपले हातच आखूड असतील.

आणि आता शनिवारवर चॅम्पियनशिप आली होती, आणि बाईंचं बोट हवेत.

"तूच मोजलंस? नक्की?" केव्हने पुन्हा विचारलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात मिसेस बेरिल म्हणाल्या, "नाही रे, त्याच्या बायकोने मोजलं. शिवणाच्या टेपने. गोड पोरगी आहे. ते माशाचं लोणचं कसलं जहाल होतं!"

मेलो! गेली नोकरी, आता पुन्हा लोकल एक्स्पिरियन्स. केव्हने फोन उचलला आणि माझ्या घरचा नंबर फिरवला. रिसीव्हर माझ्या कानाला लावला आणि दुसऱ्या बाजूने आपला कान चिकटवला.

"फिलू, त्या बाईंच्या हाताचं माप तू बरोब्बर घेतलं होतंस ना?"

"घेतलं की! तेरा. वर एक इंच मार्जिन धरून चौदा सांगितलं."

"मार्जिन? कशाला?"

"अगो बाय, कशाला म्हणजे? मार्जिनशिवाय कोण शिवतं? जास्त झालं तर कापता येतं, कमी पडलं तर काय जोडणार, कपाळ?"

मी केव्हला इंग्रजीत सांगितलं. मला वाटलं, आता फुटणार. तर गडी कान खाजवत उभा. मग त्याने जॉब कार्ड पुढे ओढलं. माझ्या चौदाच्या पुढे पेन्सिलीने बारीक 'अर्धा' लिहिलेला. अक्षर केव्हचं. कापताना मी ते माझंच समजून साडेचौदा धरले होते.

"नवा माणूस," तो पुटपुटला, "म्हटलं कमी मोजलं असेल तर? एकच लाकूड आहे."

आता मलाही गप्प बसवेना. "केव्ह, मीपण कापताना अर्धा इंच सोडला होता. एकच लाकूड म्हणून."

तिघांनी एकाच कालवणात गुपचूप मीठ टाकलं होतं! एका थाऊवर जीव टाकणारे आम्ही, लाकडात अख्खे दोन इंच चुकलो होतो. मिसेस बेरिल स्टुलावर बसून डोळे पुसेपर्यंत हसल्या. "आल्फ असता तर त्यानेही एक इंच सोडला असता," त्या म्हणाल्या, आणि मग थोडा वेळ नुसत्याच डोळे पुसत राहिल्या.

केव्हने टेप माझ्या हातात कोंबली. "मोज. आत्ता. तू."

बाईंनी हात पुढे केला. "चावणार नाही मी, लव्ह."

मोजला. तेरा. क्लबच्या जाड जाकिटासकट पुन्हा रायफल लावून पाहिली, बोट दोन इंच मागे राहिलं, म्हणजे तेराच बरोबर. मग चिकटपट्टी लावून बारीक करवतीने, श्वास रोखून, दोन इंच कापले. कापलेल्या तोंडाला तेल लावलं, वर आधी काढलेलं रबरी पॅड परत बसवलं. बाईंनी खांद्याला लावली आणि बोट आपसूक ट्रिगरवर टेकलं. अक्रोडावर गाल टेकवून त्या तशाच उभ्या राहिल्या.

शनिवारी त्या तिसऱ्या आल्या. दोष वाऱ्याला दिला, रायफलला नाही.

सोमवारी केव्ह म्हणाला, "खोटं पुन्हा बोललास तर हाकलीन. पर्मनंट झालास. आणि मिसेसला विचार, बायका गिऱ्हाईक आल्या तर मापं घ्यायला येईल का." फिलू यायला लागली, पण मार्जिन काही तिने सोडलं नाही. ती नुसती आकड्याशेजारी 'एक इंच माझा' असं लिहायची.

तो दोन इंचाचा तुकडा आम्ही मिसेस बेरिलना दिला. रिटायर होईपर्यंत मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच सांगायचो: मार्जिन जरूर ठेव, पण बोंबलून ठेव. दुकानात प्रत्येक जण शहाणा असतो, आणि प्रत्येकाकडे एकेक इंच असतो.