आतोबांचा शनिवारचा कालवा

झाशीत पाच मिनिटंही एका जागी न बसणारा माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी आमच्या आतोबांकडे बोट दाखवीन, पण बोट वर होईपर्यंत ते तिथे नसतील. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. अर्ध्या गालाला साबण असतानाच ते शेजाऱ्यांच्या सायकलची चेन बसवायला जातात. जेवताना दोनदा उठून गॅस बघतात. झोपेतही त्यांचा एक पाय हलत असतो. आत्या म्हणते, "लग्नाच्या फोटोत यांचा चेहरा हललेला आलाय. तेव्हाच कळायला हवं होतं मला."

घरी ते आतोबा, पण कालव्यांच्या सरकारी ऑफिसात बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क. मी तिथेच टायपिस्ट लागलो, आणि सगळ्यांच्या नकला करून दोन महिन्यांत सगळ्यांचा नावडता झालो. तिवारीजींची नक्कल मात्र सोपी नव्हती, कारण ते बोलायचेच नाहीत. ते रेकॉर्डला, समोर आवक-जावकला शकुंतलाजी. मधे तीन फूट जागा आणि एक टेबलफॅन. फॅनचं तोंड कुणाकडे, यावरून दोघांचं बोलणं बंद झालं त्याला अकरा वर्षं झालेली. काही हवं असेल तर चिठ्ठी लिहायची, शिपायानं ती तीन फूट न्यायची, उत्तर दुसऱ्या दिवशी. चिरगाँवहून पाण्याचा अर्ज घेऊन आलेला शेतकरी या तीन फुटांत चार खेपा घालायचा.

शेवटी वरून पत्र आलं. महिनाअखेर तुंबलेले अर्ज निघाले नाहीत, तर हे ऑफिस बंद करून सगळ्यांना कानपूरला पाठवू. आतोबांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. ते दिवसभर व्हरांड्यात येरझारा घालत होते. संध्याकाळी म्हणाले, "चल, रंग घेऊन येऊ."

लखनौला कुठल्याशा शिबिरात त्यांनी ऐकलं होतं, की माणसांनी मिळून एक चित्र काढलं की ती मिळून कामही करतात. शनिवारी जेवणानंतर त्यांनी चार टेबलं जोडली, वर मोठा कागद अंथरला आणि फर्मान काढलं, "एक कालवा काढायचा. आपण सुरू केलेलं आपण पुरं करायचं नाही, दुसऱ्यानं करायचं." एवढं बोलून ते तीन वेळा खाली जाऊन आले.

पण चित्र काढणार कोण, तर बाबूलोक. तिवारीजींनी कालव्याकाठचं अर्धं झाड काढलं, कोपऱ्यात सही ठोकली, खाली लिहिलं 'आवश्यक कार्यवाही हेतु' आणि कागद सरकवला. शकुंतलाजींनी चष्मा लावून झाड तपासलं, त्याला मुळं दिसेनात, म्हणून शेरा मारला, 'जड़ संलग्न नहीं है। वापस।' कागद पाच वेळा गेला-आला. संध्याकाळपर्यंत सह्या अकरा झाल्या, झाड तेवढंच. मी म्हटलं, "आतोबा, याला फाइल नंबर देऊन टाकू का?" ते हसले नाहीत. पुढच्या शनिवारी त्यांनी सगळ्यांच्या खिशातली पेनं काढून घेतली.

त्या दिवशी निळ्या रंगाची वाटी शकुंतलाजींकडे होती आणि ब्रश तिवारीजींकडे. कालवा शेताच्या अलीकडेच सुकला होता. पेन नाही, म्हणजे चिठ्ठीही नाही. आतोबा खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. शेवटी शकुंतलाजी कागदाकडेच बघत म्हणाल्या, "तिवारीजी, खेत इधर है। आप पानी सड़क पर ले जा रहे हैं।"

"हओ, तो कटोरी इधर सरकाइए न, दीदी," तिवारीजी म्हणाले. आवाज अगदी बारीक निघाला. अकरा वर्षं सगळं ऑफिस ज्याची वाट बघत होतं, तो हा आवाज.

मग थांबतात कुठे. पाणी कुठून वळवायचं यावर दोघं तासभर भांडले, सोमवारी अर्जांवरून भांडले, पण तोंडानं भांडले. चिठ्ठीला दिवस लागायचा, भांडणाला दोन मिनिटं. महिनाअखेर तुंबलेल्या अर्जांचं कपाट रिकामं झालं. ऑफिस वाचलं.

वर सगळ्यांना हे फार आवडलं. इतकं, की आतोबांनी हेच कानपूरच्या मोठ्या ऑफिसात शिकवावं असा हुकूम आला. आम्हा सगळ्यांना कानपूरपासून वाचवलं आणि एकटे तेच गेले. आत्या इथेच झाशीत, नगऱ्यातल्या घरी राहिली.

परवा ऑफिसात त्यांचा फोन आला. म्हणाले, "इथले लोक फार गुणी आहेत रे. कुणी कुणाशी भांडतच नाही. सांगितलं तेवढं निमूट रंगवतात आणि पाचला घरी जातात." मग विचारलं, "तुम्ही या शनिवारी काय काढताय?" मी म्हटलं, बेतवा नदी काढतोय, तिवारीजींना पूल हवाय, शकुंतलाजींना नकोय. "कुठे हवाय पूल?" मी सांगितलं. "नाही नाही, जरा वर घ्या म्हणावं." मी बरं म्हटलं. मग ठेवतो म्हणाले, आणि बराच वेळ आमच्यापैकी कुणीच फोन ठेवला नाही.