लोखंडाच्या उंटाची मान

सेक्टर दहाच्या आमच्या गणपतीत फोटोची प्रदर्शनी लागते. दरवर्षी पहिला नंबर कुंदाबाईच्या डुबत्या सूर्याचा. औंदा गणपतीआधीच मी सगळ्यांपुढं बोलून बसली, "मी वाळवंटातला उंट आणीन, मंग पाहू!"

नवऱ्याले सोफ्यावरून उठवलं. यांनी पोलादाच्या प्लँटात जलमभर वेल्डिंग केली. रिटायर झाल्यापासून पंखा किती आवाज करते तेवढंच ऐकत राहतात.

दुर्गहून गाडी, मधात एकदा बदलली, मंग जैसलमेर. डब्यातल्या बाथरूमचं सांगत नाही, तुमाले जेवाचं असन. दशम्या सोबत ठेवा. किल्ल्याले चढ हाय, धड चपला घाला. तिथली बाटी म्हणजे आपले रोडगेच, तुपात जीव दिलेले.

दुसऱ्या दिवशी जीपनं वाळूवर गेलो. भाव आधी ठरवा, बसल्यावर तो वाढते. रिकाम्या वाळवंटाच्या फोटोसाठी रांग होती. उंटाले गॉगल, बायांले पगड्या.

तिथं एका कलाकारानं भंगारातून जनावरं बनवली. चमच्यांची कोल्ही, सायकलच्या चेनचं हरीण अन् हा मोठा लोखंडी उंट.

"ये रेगिस्तान का खालीपन है, माताजी," तो दाढी खाजवत म्हणे.

खालीपन पहाले मी दोन दिवस गाडीत बसली काय? मले लोखंडी उंटाजवळ खरा उंट पाहिजे होता, मधात सूर्य. कुंदाबाई खतम! उंटवाला आला, सूर्य बरोबर उतरला, मी मोबाईल धरला. अन् आमच्या यांनी लोखंडी मान हलवून पाहिली.

"अवो, जोड कच्चा हाय. कोणाच्या डोक्यावर पडन."

"अंकल, ये जानबूझकर ऐसा है," कलाकार म्हणे.

"गिरेगी तो भी जानबूझकर गिरेगी क्या? मशीन कहाँ है?"

मशीन मागंच होती. यांनी तोंडावर काच धरली अन् बसले.

"अजी, सूर्य चालला!"

"उद्या येते तो."

"मैडम, मेरे ऊंट का टाइम हो गया," उंटवाला.

"तेरा ऊंट क्या जनरल मैनेजर है?"

उंट गेला. सूर्यही गेला. रागारागात मी बटन दाबलं. फोटोत ठिणग्या, मानेखाली नवरा, अन् कोपऱ्यात जाणाऱ्या उंटाचं ढुंगण.

घरी पाहतो तर बाकी सगळ्या फोटोत माहं बोट. मंग तोच टांगला.

कुंदाबाई म्हणे, "याच्यात वाळवंट कुठं हाय, बाई?"

संध्याकाळी ड्युटी सुटली अन् प्लँटवाले आले. कुंदाबाईच्या सूर्यापुढून सरळ निघाले, माह्या फोटोपुढं थांबले. उंट कोणालेच दिसला नाही.

"हात पहा ना, हात! जरा हलला नाही."

"रॉड कसा धरला, पहा. कोण हाय हा?"

हे मागंच उभे होते. खाकरले.

पहिला नंबर कुंदाबाईचाच आला, तिले टिफिनचा डबा भेटला. हे मात्र दहाही दिवस इस्त्रीचा शर्ट घालून फोटोजवळ उभे. येईल त्याले मानेचा जोड समजावून सांगत.

घरी सोफा रिकामा. तो दाढीवाला ज्याले खालीपन म्हणे, ते हेच असन. मले आवडलं.