डाव्या बाजूचा आवाज

तो पहिल्यांदा लक्षात आला शाळेच्या बक्षीस समारंभात. मुख्याध्यापकांचं भाषण रंगात आलं होतं. मागच्या रांगेतला हा किडकिडीत पालक उठला, स्पीकरपाशी गेला, एक वायर काढून उलटी जोडली आणि मुकाट्याने जागेवर येऊन बसला. भाषण होतं तितकंच कंटाळवाणं राहिलं, पण निदान शब्द कळू लागले. तेव्हापासून सगळे त्याला 'कानवाले' म्हणू लागले.

पुढे त्याने जिन्याखालच्या खोलीत दुकान थाटलं. एकेकाळी लोकांनी हौसेने सहा-सहा स्पीकर घेतले होते. मग घरं लहान झाली, शेजारी हळवे झाले आणि ते स्पीकर माळ्यावर गेले. आता त्याच जुन्या डिस्क लोकांना कॉम्प्युटरवर, हेडफोन लावून ऐकायच्या असत. सहा बाजूंचे आवाज नुसते दोन कानांत कोंबले, तर सगळं डोक्याच्या आतच घडतंय असं वाटतं. म्हणून तो एकेक बाजू वेगळी काढी. डावीकडचा आवाज डाव्या कानात स्वच्छ ठेवी. उजव्या कानात तोच किंचित उशिरा आणि दबका सोडी. मग मागून कुणी बोललं की ऐकणाऱ्याची मान आपोआप वळे.

एका तापानंतर त्याचा डावा कान गेला. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. कानावरच पोट असलेल्या माणसाने हे सांगायचं कुणाला? त्याने कुणालाच सांगितलं नाही. गिऱ्हाइकाची खुर्ची टेबलाच्या डावीकडे होती. हा आपलं स्टूल फिरवून उजवा कान पुढे करी. लोकांना वाटे, किती मन लावून ऐकतात.

त्याची थोरली बहीण मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळली, तेव्हा तिने जुन्या नाटकाची डिस्क त्याच्याकडे धाडली. त्या नाटकात प्रेक्षक मधोमध बसत आणि नट चहूबाजूंनी बोलत. ती नायिका होती. ध्वनिमुद्रण तिच्या नवऱ्याचं, पण घरी सहा स्पीकर कधी नव्हतेच, म्हणून ते तिने सगळ्या बाजूंनी कधी ऐकलंच नव्हतं. या भाऊजींनी आयुष्यात एकदाच नाटकात तोंड उघडलं होतं. डाव्या हाताला मागच्या दाराआडून त्यांचं एकच वाक्य होतं. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती.

कानवाल्याने मन लावून काम केलं. डावी मागची बाजू लावली, तर नुसतं पुटपुटल्यासारखं काहीतरी आलं. मुद्रणातली खरखर असेल, म्हणून त्याने ती बाजू पुसून टाकली. नायिकेच्या प्रश्नानंतर जी रिकामी जागा उरली, ती त्याला नाटकातली शांतताच वाटली.

तो ते घेऊन बहिणीच्या घरी गेला. हेडफोन लावून ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला.

"मी विचारते, कोण आहे. मग ह्यांचा आवाज कुठाय?"

तो गडबडला आणि तोंडाला येईल ते बोलून गेला. "तिकडे काही नव्हतंच, ताई. दारामागचा माइक बंद राहिला असेल भाऊजींचा."

ताईने विश्वास ठेवला. तोच जास्त लागला. भाच्याला हाक मारून ती म्हणाली, "त्या एका वाक्यावर मिरवत होते बघ तुझे बाबा जन्मभर. आणि माइकच सुरू नव्हता."

दुकानात परतल्यावर त्याने मूळ डिस्क पुन्हा लावली आणि हेडफोन उलटा घातला, डावी वाटी उजव्या कानावर. दाराआडून भाऊजी स्वच्छ बोलले, "मीच. दुसरं कोण येणार?"

त्याने हेडफोन काढला. जो माणूस उत्तर द्यायला नाही, त्याच्याच माथी आपण आपला बहिरेपणा मारला.

त्याने ती बाजू जागच्या जागी बसवली आणि ताईकडे गेला. कानाचं सांगितलं, खोटं बोलल्याचंही सांगितलं. बोलताना नजर चादरीवरून वर उचलली नाही. ताईने आधी नाटक ऐकलं. ते वाक्य आलं, तेव्हा तिने मान डावीकडे वळवली.

हेडफोन काढून ती म्हणाली, "कान गेला त्याचं काही नाही रे. पण ह्यांच्यावर ढकललंस." मग म्हणाली, "मी नाही सांगणार पोराला. तूच सांग."

भाचा स्वयंपाकघरात भांडी विसळत होता. मामाने नळ बंद करायला लावला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. भाचा ओले हात तसेच धरून ऐकत राहिला.

"मामा, जेवायला मी नेहमी तुमच्या डावीकडे बसतो," तो म्हणाला. "मला वाटायचं, तुम्हाला माझ्या बडबडीचा कंटाळा येतो."

मामाने फडकं घेतलं आणि एकेक भांडं पुसून ठेवू लागला.

दुकान अजून चालतं. पूर्वीपेक्षा गिऱ्हाईक थोडं कमी आहे. खुर्ची आता टेबलाच्या उजवीकडे असते, आणि का म्हणून विचारलं तर तो कारण सांगतो.