वीतभर कुंपण

नानासाहेबांच्या मते त्यांनी कुंपण लावलंच नव्हतं, हिरवळ लावली होती. आता ती हिरवळ नेमकी राजेंद्र साहेबांच्या अंगणाकडंच, दोरी धरून सरळ ओळीत का लावली, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार होतं. "त्या अंगाला ऊन चांगलं लागतं," ते म्हणत. ऊन चारी अंगांनी लागत होतं. संभाजीनगरच्या उन्हानं आजवर कुणाच्या दारात भेदभाव केलेला नाही.

नानासाहेब मूळचे गंगापूरकडचे, चांगल्या जमीनजुमल्याच्या घरातले. पोरगा विश्वजीत शेंद्र्याच्या कंपनीत लागला, त्यानं चिकलठाण्याच्या पुढं रो-हाऊस घेतलं, आणि जन्मभर कपाशी केलेला बाप फरशीवर येऊन पडला. शेजारी राजेंद्र साहेब, लाईटीच्या हापिसात मोठ्या हुद्द्यावर. त्यांच्या हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो, फाटकावर निळा झेंडा. घरात म्हातारी आई, भामाबाई. दोन्ही अंगणांच्या मधी भिंत नव्हती, नुसती मातीची पट्टी होती.

त्या पट्टीवर नानासाहेबांच्या बायकोनं, द्वारकाबाईनं, महिन्याच्या आत भामाबाईसोबत शेंगा सोलायला बैठक मारली. बुद्धपौर्णिमेला तिकडून खीर आली. डबा रिकामा कसा द्यायचा, म्हणून इकडून पुरणपोळ्या गेल्या. नानासाहेबांनी खीर वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि मग दिवसभर गप्प राहून निषेध नोंदवला.

ते जुन्या विचारांचे नव्हते. असं ते स्वतःच सांगत. बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीत थंड पाणी वाटतानाचा त्यांचा फोटो होता, तो त्यांनी गावाच्या ग्रुपवर टाकलाही होता. अडचण त्यांची नव्हतीच, भाऊबंदांची होती. दिवाळी झाली की चुलतभाऊ सुदर्शन घर बघायला येणार होता. सुदर्शनच्या तोंडाला झाकण नव्हतं. वहिनी कुणासोबत शेंगा सोलत बसते, हे त्यानं एकदा गावात नेलं, की पारावर वर्षभराची सोय झाली. तवर मधी कमरेएवढं काहीतरी उभं राहायला पाहिजे होतं.

नर्सरीवाल्यानं बॉक्सवुडची रोपं दाखवली. म्हणाला, "विलायती हाय काका. बारीक पान, गच्च वाढतं, पलीकडचं मानूस दिसत नाय. पन सावकाश वाढतं बरं का. खत जपून द्या."

नानासाहेबांनी यातलं 'दिसत नाय' तेवढं ऐकलं.

गणपती उठले आणि रोपं लागली. भामाबाई पलीकडं खुर्ची टाकून सगळा सोहळा बघत होती. तरुणपणी तिनं गंगापूरकडच्याच रानांत कापूस वेचलेला, त्यामुळं जमीनदारांची कामं बसून बघायचं सुख तिला नवं होतं.

"काय लावलं म्हनायचं, नानासाहेब?"

"हिरवळ. डोळ्याला बरी असती."

"बरी असती, व्हय. पन कुपाटीच करायची व्हती तर बाभळीच्या फांद्या टाकायच्या. एका दिवसात झाली असती. तुमी लई लांबचा रस्ता धरला."

नानासाहेबांनी दोरी अजून ताणून धरली.

दसरा झाला. रोपं वीतभर होती ती वीतभरच राहिली. नानासाहेब सकाळी उठून त्यांच्याकडं बघत, संध्याकाळी बघत, मधी एकदा चष्मा लावून बघत. शेवटी जन्मभराची विद्या कामाला आली. कपाशी अडून बसली की काय करायचं? बुडाशी मूठभर युरिया. त्यांनी प्रत्येक रोपाला मूठ दिली आणि हात उदार असल्यामुळं वर चिमूट दिली.

चार-दोन दिवसांत पानांच्या कडा विडीसारख्या जळाल्या.

द्वारकाबाई म्हणाली, "कपाशी हाय का ती? लेकराला पैलवानाचा खुराक चारला तुमी."

"पाणी दाबून दिलं की युरिया उतरतो. गप बस."

आता दाबून पाणी म्हणजे काय, हे या शहरात राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. नळाची पाळी लांब होती. टाकीत सैपाकापुरतं होतं, टँकरवाला फोन उचलत नव्हता. ऑक्टोबरचं ऊन तापलेलं. आणि पलीकडं, वीतभर हिरवळीच्या पल्याड, राजेंद्र साहेबांच्या बोअरला मनगटाएवढी धार होती.

मिरवणुकीत पाणी देताना फोटो काढता येतो. घेताना काढायची पद्धत नाही. नानासाहेब अंगणात येरझाऱ्या घालू लागले. रोपं मेली तर सुदर्शनसमोर सगळं उघडं. रोपं जगवायची तर त्यांच्या दारात हात पसरायचा. असा पेच त्यांच्या सात पिढ्यांत कुणावर आला नव्हता. त्या पिढ्यांकडं स्वतःच्या विहिरी होत्या.

द्वारकाबाईला पिढ्यांचं काही पडलं नव्हतं. रविवारी सकाळी तिनं सरळ हाक मारली, "भामाबाई, ह्यांची कुपाटी मराया लागली. जरा पाईप टाका की."

भामाबाईनं पाईप टाकला. वर हेही सांगितलं, "बुडाला द्या, पानावर नका मारू. जगलं पायजे. आमच्यासाठी एवढं केलंय तुमी."

नानासाहेब खाली मान घालून पाणी देत होते, तेवढ्यात फाटक वाजलं. दारात सुदर्शन उभा. दिवाळीला अजून अवकाश होता.

"नाना, डीपी जळाली रे गावची. उद्या लाईटीच्या हापिसात जायचं, म्हनलं आजच मुक्कामाला यावं." बोलता बोलता त्यानं पाईप हातातून घेतला, तोंडावर पाणी मारलं, दोन ओंजळी प्याला. "गोड हाय. बोअर घेतला का?"

"शेजारचं हाय," नानासाहेब पुटपुटले आणि सुदर्शनचं तोंड वाकडं व्हायची वाट बघू लागले.

सुदर्शननं मान वर केली. झेंडा बघितला, म्हातारी बघितली, आणि मागं पेपर वाचत बसलेले राजेंद्र साहेब बघितले. त्याचा चेहरा उजळला.

"अरे, हे साहेब इथं राहत्यात? मागं ह्यांच्या केबिनबाहेर दिवसभर उभा होतो मी. नाना, सांगायचं नाय का, लेका?"

एवढं बोलून गड्यानं पाईप नानांच्या हातात दिला, पँट वर ओढली, वीतभर हिरवळ एका ढांगेत ओलांडली आणि कमरेत वाकून म्हणाला, "जय भीम, साहेब."

साहेबांनी खुर्ची दिली. द्वारकाबाई चहाला मदत करायला म्हणून मागोमाग ओलांडून गेली. ज्याच्या धाकानं एवढा खटाटोप केला, तो सुदर्शन पलीकडं बसून बिस्कीट बुडवत होता. अलीकडं नानासाहेब आणि त्यांचा पाईप.

"या की नानासाहेब," भामाबाई म्हणाली. "तुमचाबी चहा वतलाय. का वलांडायला उंच झाली?"

नानासाहेबांनी पाईप खाली ठेवला. सगळ्यांच्या देखत आपलंच कुंपण ओलांडणं बरं दिसलं नसतं. ते आपल्या फाटकातून बाहेर पडले, रस्त्यानं वळसा घालून शेजारच्या फाटकाशी गेले, निळ्या झेंड्याखाली कडी वाजवली आणि रीतसर आत आले.

तवर चहा गार झाला होता. भामाबाईनं तो तसाच पुढं केला, आणि नानासाहेबांनी तो तसाच प्यायला.