तात्यांचं "गेट आउट"

पोरांना नोकरीला चिकटवायचं काम अंगावर घेऊन बघा, किश्श्यांना तोटा नाही! पोरं नोकरीत टिकोत न टिकोत, किस्से टिकतात. आमच्याकडे मुलुंडला असे ढीगभर साठलेत.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. भांडुप-मुलुंडकडे नवे कारखाने उभे राहत होते आणि मॅट्रिक झालेली पोरं नाक्यावर उभी राहत होती. दोघांची गाठ घालून द्यायची, एवढाच आमचा उद्योग. आम्ही म्हणजे रिटायर्ड फोरमन तात्या पेडणेकर आणि मी. तात्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं आता जागोजाग फोरमन झाली होती, त्यामुळे दारं उघडायची. आत जाऊन काय बोलायचं, हे तात्या रविवारी शाळेच्या वर्गात शिकवायचे.

शिकवणं म्हणजे खोटा इंटरव्ह्यू! तात्या साहेब व्हायचे, दोन प्रश्न विचारायचे आणि टेबलावर हात आपटून ओरडायचे, "गेट आउट!" त्यांचं म्हणणं, "साहेब लोक माणूस जोखायला ओरडतात. जो उठला तो गेला. बसून राहायचं!"

पहिल्याच बॅचच्या एका पोरानं हे इतकं मनावर घेतलं, की पार्ल्याच्या एका कारखान्यात वॉचमननं त्याला स्टुलासकट उचलून गेटाबाहेर ठेवलं. तात्यांना काही वाईट वाटलं नाही. "बसून राहिला ना? मग झकास!" म्हणाले.

एकदा शाळा बंद होती, म्हणून कांजूरगावात फिलोमिना नावाच्या पोरीच्या ओट्यावर वर्ग भरला. तिलाही नोकरी हवी होती. तात्या सवयीनं ओरडले, "गेट आउट!"

फिलोमिना कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तात्या, घर माझ्या बापाचं हाय. तुमीच व्हा बाहेर!"

तात्या खरंच अंगणात जाऊन उभे राहिले. तिला आम्ही एका कंपनीत टेलिफोनवर लावून दिलं. तिथे साहेब तिच्याशी हळू आवाजात बोलतात, असं ऐकतो.

आता दत्ताराम. बाप गिरणीत, कापसाच्या धुळीनं खोकून खोकून वाळलेला. दत्तारामला लोखंड कातायची लेथ चालवायची होती, आणि हात चांगला होता. पण तात्यांनी शिकवलेलं, "मशीन म्हणजे देवता!" पठ्ठ्या ट्रायलच्या वेळी वर्कशॉपच्या दारात चपला काढून आत गेला. खाली गरम लोखंडी चुरा! साहेबानं तिथूनच परत पाठवला. पुढच्या कारखान्यातही तेच. मी कपाळावर हात मारला.

बापानं सांगितलं, "आता पुरे. दसरा झाला की माझ्याबरोबर गिरणीत चल."

दत्ताराम तात्यांना एवढंच म्हणाला, "मला कापसात नाय मरायचं." तात्या त्या रविवारी कोणावर ओरडले नाहीत.

शेवटची एकच जागा मिळाली, भांडुपला. तिथला फोरमन शिंदे तात्यांचाच चेला. साहेब नुकताच विलायतेहून आलेला, त्यानं ट्रायलला नेमका खंडेनवमीचा, हत्यारं पुजायचा दिवस दिला! मी दत्तारामला घेऊन गेलो. बूट मी स्वतः बांधून दिले होते.

आत सगळी मशीनं धुऊनपुसून, हार घालून बंद. कोपऱ्यात नवी कोरी लेथ, तिला अजून माणूस नव्हता. साहेब म्हणाला, "चालव."

दत्तारामनं लेथकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं. "नो सर. आज पूजा. दसऱ्यानंतर."

वाट लागली! साहेब लाल झाला. "गेट आउट!"

मी उठलो आणि बाहेर आलो. दत्ताराम हलला नाही. मला त्याचा भयंकर राग आला, आणि तात्यांचा त्याहून जास्त.

दारातून पाहतो तर पूजा सुरू झालेली. तिथली रीत अशी, की ज्याचं मशीन त्यानंच नारळ फोडायचा. शिंदे एकेकाच्या हातात नारळ देत कोपऱ्यातल्या लेथपाशी आला. थांबला. मग शेवटचा नारळ त्यानं दत्तारामच्या हातात ठेवला. पोरानं एका फटक्यात फोडला.

साहेब ओरडत आला, "हा अजून इथे कसा?"

शिंदे शांतपणे म्हणाला, "साहेब, त्या मशीनचा नारळ यानं फोडला. आता तिला दुसरा कोणी हात लावणार नाही." मागे सगळे कामगार हाताची घडी घालून उभे.

संध्याकाळी दत्ताराम तात्यांकडे गेला आणि त्यांच्यासमोर अर्धा नारळ ठेवला. तात्यांनी विचारलं, "साहेब शेवटी काय म्हणाला?"

"परत गेट आउट म्हणाला."

"मग?"

"मग त्यानंच खोबरं मागितलं."