फुकटच्या बोगद्याचा मालक

अन्याय झाला तो आमच्या शेजारच्या भाभीवर. गेल्या बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी, पुरुष दुपारच्या नमाजावरून परतत असताना. तिचे उघड्या केसांचे, फक्त नवऱ्यासाठी काढलेले फोटो एका अनोळखी नंबरवरून सासरच्या माणसांच्या फोनवर एकामागून एक येऊन पडले.

नवरा आखातात. तिथलं सरकार अडवतं, म्हणून व्हिडिओ कॉल सरळ लागत नाही. म्हणून आमच्या मोहल्ल्यात रीतच पडलीय: माणूस निघाला की बॅगेत सुकी मासळी आणि मसाला, फोनमध्ये व्हीपीएन. आधी जाऊन आलेला कुणीतरी ते फुकटचं ॲप आपल्या फोनमधून पाठवतो. अडवणूक तिकडची, पण ॲप इकडे बायकोच्या फोनमध्येही घालतात. भाभी ते कधी बंदच करायची नाही. बंद असताना कॉल आला तर?

मी मोबाइल सुरक्षेची पत्रकं वाटते. तिलाही विचारलं होतं, "भाभी, ह्या ॲपला तुमचे फोटो कशाला हवेत?"

"चालू असला की फोनवर वरती चावी दिसते ना गो! कुलूप हाय तो. तू आपली कागदं वाट."

आम्ही दोघी हसलो होतो.

व्हीपीएन म्हणजे बोगदा. आतली गाडी बाहेरच्याला दिसत नाही, एवढंच. बोगद्याच्या मालकाला ती कुठे गेली ते कळतं. आणि हा मालक कोण, हे मोहल्ल्यात कुणालाच माहीत नाही. फोटोंची तर त्याने परवानगीच मागितली होती, भाभीने दिली. त्यानेच ते पसरवले हे मला सिद्ध करता येणार नाही. पण दार त्याच्यासाठी उघडं होतं. हे इतक्यांदा सांगून झालंय की आता माझाच आवाज मला नकोसा वाटतो.

थोरल्या दिरांनी भाभीचा फोन काढून घेतला. तेच ॲप त्यांच्याही फोनमध्ये आहे. मी दाखवलं, तर म्हणाले, "आमच्यात काय हाय बघण्यासारखा?"

आता नवऱ्याचा कॉल त्यांच्या फोनवर येतो. स्पीकरवर, सगळ्यांच्या मध्ये. भाभी "बरी हाय" म्हणते आणि फोन पुढे देते. एकदा स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "फोटो कोनी नेलान, मना काय ठाव? पन बोलनं माझं गेलं."

वाचणाऱ्या भावांनो, दिरांनो, सासऱ्यांनो, असा काढून घेतलेला फोन तुमच्याही कपाटात असेल. ते ॲप आजच काढा, आधी स्वतःच्या फोनमधून. आणि तिचा फोन तिच्या हातात द्या.