त्याच्या जागी उभी राहिलेली

कुणी शाबासकी दिली की तो मान खाली घालायचा आणि म्हणायचा, "म्या न्हाई, ती."

बंद पडलेला हापसा त्यानं दुरुस्त केला, पाण्याची धार पडली आणि बायका म्हणाल्या, "पोरगं लय हुशार हाय गं," की याचं उत्तर ठरलेलं. बायका इकडं तिकडं बघायच्या. ती कुठंच नसायची. तुम्ही तिथं असता तर तुम्हालाही वाटलं असतं, परदेशी माणूस आहे, मराठीत गडबडला असेल. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं.

तो मलावीचा. आफ्रिकेतल्या त्या देशातून शिष्यवृत्तीवर कऱ्हाडजवळच्या एका कॉलेजात शेतीचं इंजिनिअरिंग शिकायला आला होता. मलकापुरात माझं मोटार रिवाइंडिंगचं आणि हापसे दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानावरची खोली त्याला भाड्यानं दिली. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चार लोकांत आपलं नाव निघालं की तो अर्धा होऊन जायचा.

आमच्या घरात दखनी बोलतात, पण अम्मी त्याच्याशी मराठीतच बोलायची. "गावात ऱ्हायचं तर गावाची भाषा नको यायला?" म्हणायची. त्यामुळं त्याची सगळी मराठी अम्मीकडनं आलेली. तिनं मोठ्यांना 'आवं' म्हणायला शिकवलं, तर हा कॉलेजातल्या सरांना आवं, रिक्षावाल्याला आवं, आणि दारात आडव्या उभ्या असलेल्या म्हशीलाही, "आवं, जरा सरका की." सगळी आळी हसायची. त्याच्या तोंडावर हसू यायचं, पण ते अर्ध्यातच थांबायचं. जेवतानाही तेच. दोन घास खाऊन तो ताटाकडं बघत बसायचा. अम्मी मला म्हणायची, "कुणालातरी उपाशी ठिवून आल्यागत जेवतंय बघ हे पोरगं."

सुट्टीच्या दिवशी तो दुकानात यायचा. "हापसा शिकवा," म्हणाला. त्याच्या गावात सगळ्यांना मिळून एकच हापसा होता. आतला वायसर झिजला की बाहेरून माणूस येईपर्यंत बायका नदीचं पाणी भरायच्या. मी शिकवलं. पाइप ओढायला तो माझ्यापेक्षा दमदार होता.

एकदा आटपाडीच्या बाजूला, एका धनगरवाडीत कामाला गेलो होतो. हापशाजवळच्या पारावर वीस-बावीस वर्षांची पोरं मोबाइल बघत बसली होती. त्यानं विचारलं, "गावाच्या पाणी कमिटीत तुमच्यातलं कोण हाय?"

पोरं हसली. एक जण म्हणाला, "आमाला कोन ईचारतंय रं गड्या? म्हातारी हायत की."

"आमाला बी कुणी ईचारलं न्हाई," हा म्हणाला आणि पाना खाली ठेवून पारावर जाऊन बसला. मग त्यानं आपल्या गावची गोष्ट सांगितली. तिथंही कमिटी म्हाताऱ्यांचीच. पोरापोरींनी गट केला. जिथं बैठक असेल तिथं बाहेर जाऊन गप बसायचं, शिव्या दिल्या तरी उठायचं नाही. शेवटी म्हातारे कंटाळले आणि दोघांना आत घेतलं. त्या दोघांनी पहिलं काम केलं ते हापशाचं. मग गटाला वाटलं, वॉर्डाच्या निवडणुकीलाच आपला माणूस उभा करू.

"मग? कोन ऱ्हायलं हुबं?" त्या पोरानं मोबाइल खिशात घालत विचारलं.

"म्या," तो म्हणाला. आणि एकदम उठून कामाला लागला.

पुढचं मला परतीच्या वाटेवर, विट्याच्या अलीकडं एका चहाच्या टपरीवर कळलं. तेही मी खोदून विचारलं म्हणून.

प्रचार सुरू झाला होता. तो घरोघर हिंडत होता. गटातली एक शिंप्याची मुलगी सगळ्यांत पुढं असायची. बाहेर बसायची कल्पना तिचीच, भाषणं तिनंच लिहिलेली. अशात शिष्यवृत्तीची बातमी आली. घरातले रडले, जा म्हणून आईनं पाय धरले, गावातलं पहिलं पोरगं परदेशी चाललेलं. त्यानं नाव मागं घेतलं. त्याच्या जागी ती उभी राहिली.

"एका सांजंला ती सायकलवरनं येत हुती," तो म्हणाला. "विरोधातल्या विरोधातल्या चार जणांनी आडवली. ढकलून दिली. हात मोडला. नीट बसला न्हाई, आता सरळ हुत न्हाई." बोलताना त्यानं स्वतःचाच उजवा हात धरला होता. "म्या तवा हितं कॉलेजात नवा शर्ट घालून फोटू काढत हुतो. निवडणुकीत पन पडली ती. दादा, तो हात माझा हुता. माझ्या जागी तिचा मोडला."

"ती काय म्हणती?" मी विचारलं.

"हसती. म्हनती, शिकून घे. ती चिडली आसती तर बरं झालं आसतं."

चहा तसाच राहिला. मी पैसे दिले आणि आम्ही निघालो.

शिक्षण संपलं, तेव्हा पुण्याच्या एका कंपनीत त्याला नोकरी मिळत होती. मी म्हटलं, "घे की. चार वर्षं कमव, मग जा." खरं सांगायचं तर मलाच तो जायला नको होता. तो म्हणाला, "दादा, चार वर्षांनी आनिक चार वर्षं म्हनाल." अम्मीनं दिलेले कपडे त्यानं बॅगेतून काढून ठेवले आणि तिथं पाने, दट्टे आणि माझ्या दुकानातले सगळे वायसर भरले. अम्मी रागावली नाही. तिनं ते कपडे पुन्हा घडी करून कपाटात ठेवले.

गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉल आला. तो असेल म्हणून उचलला, तर समोर एक तरुण बाई. फोन डाव्या हातात धरलेला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत आमचं बोलणं झालं. ती पुन्हा उभी राहिली होती आणि या वेळी निवडून आली होती. मी अभिनंदन केलं तर तिनं ते हातानं बाजूला सारलं.

"तुमचा माणूस रोज माझी माफी मागतो," ती म्हणाली. "सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मी माफ केलं, तरी मागतो. मला कामं आहेत. तो तुमच्या आईचं ऐकतो म्हणे. त्यांना जरा सांगायला सांगा."

तिनं फोन फिरवून खिडकीत टेकवला. अंगणात तो उभा होता, मान खाली. मी अम्मीला बोलावून सगळं सांगितलं. अम्मीनं फोन तोंडाजवळ धरला.

"आरं पोरा, बास कर की आता. तुझ्या माफीनं तिचा हात सरळ हुनार हाय का? तिला काम करू दे."

त्यानं मान वर केली. मग म्हणाला, "व्हय, अम्मी."

मागं झाडाखाली बैठकीला माणसं जमत होती. ती जाऊन एक जड बाकडं उचलू लागली. हा धावला आणि ते तिच्याकडनं ओढून घेऊ लागला. तिनं सोडलं नाही. आपल्या भाषेत काहीतरी ठणकावलं. त्यानं हात काढला. मग बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि ते टोक उचललं.

दोघं चालत चालत चित्रातून बाहेर गेली. फोन खिडकीतच राहिला होता. रिकामं अंगण दिसत होतं, लांबून माणसांचा आवाज येत होता.

मी कॉल बंद करायला गेलो, तर अम्मीनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "बैठक सुरू हुतीया."